बान्स्का श्त्याव्नित्सा: चांदीच्या गावातलं पाण्याचं काम

सप्टेंबरात व्हिएन्नाला मुलीकडे जाताय, तिथून तीन दिवस काढून स्लोव्हाकियातल्या बान्स्का श्त्याव्नित्साला जायचं म्हणताय, आणि विचारलंय की या गावाचा इतिहास काय, तिथले जुने धंदे कोणते. शेवटी एक ओळ अशीही आहे: ‘चांदीच्या खाणी बंद पडल्या असतील तर बघायला उरलंय तरी काय?’ त्या शेवटच्या ओळीमुळेच लिहायला बसलो.

आधी स्वतःबद्दल सांगतो, म्हणजे उत्तर कुठल्या बाजूने येतंय ते कळेल. मी इतिहासकार नाही. विदर्भातल्या भूमिगत खाणींत तीस-बत्तीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी पंपांच्या मागे धावण्यात गेली. श्त्याव्नित्साला दोनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा पर्यटक म्हणून गेलो आणि चर्च, चौक, किल्ले बघून परतलो. दुसऱ्यांदा खाणवाल्याच्या डोळ्याने पाहिलं, तेव्हा गाव उलगडलं. माझं मत असं की हे गाव चांदीने वसवलं खरं, पण घडवलं पाण्याने. तिथले निम्मेअधिक धंदे, शाळा, तळी, अगदी जंगलाची निगासुद्धा एकाच प्रश्नातून निघाली: खाणीत भरणारं पाणी वर काढायचं कसं?

नावापासून घ्या. ‘बान्स्का’ म्हणजे खाणीचं. ‘श्त्याव्नित्सा’ हे मुळात ओढ्याचं नाव, आणि त्याचा अर्थ आंबट पाण्याचा ओढा असा सांगतात. म्हणजे नावातसुद्धा आधी पाणीच. जुन्या कागदांत हेच गाव जर्मनमध्ये शेमनिट्स आणि हंगेरियनमध्ये शेल्मेट्सबान्या म्हणून येतं. तिन्ही नावं लक्षात ठेवा, नाहीतर वाचताना तीन वेगळी गावं वाटतील. हा सगळा मुलूख १९१८पर्यंत हंगेरीच्या राज्यात होता. खाणकामाचे जाणकार मध्ययुगातच जर्मन प्रदेशांतून येऊन वसलेले. आजूबाजूची खेडी स्लोव्हाक. त्यामुळे इथल्या खाणकामातले शब्द अर्धे जर्मन, अर्धे स्लोव्हाक आहेत.

डोंगर ज्वालामुखीचे आहेत. आपला दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यामानाने हा ज्वालामुखी पोरगेला, दीड कोटी वर्षांच्या आसपासचा. पण फरक वयाचा नाही, वागण्याचा आहे. आपला लाव्हा पातळ होता, थरावर थर पसरला आणि थिजला. श्त्याव्नित्साचा ज्वालामुखी मधोमध खचला, खडकाला खोल भेगा पडल्या आणि त्या भेगांमधून लाखो वर्षं गरम पाणी खेळत राहिलं. त्या पाण्याने येताना चांदी, सोनं, शिसं, जस्त, तांबं विरघळवून आणलं आणि गारगोटीच्या शिरांमध्ये सोडून दिलं. सह्याद्रीत चांदी का नाही याचं उत्तरही यातच आहे. गावाबाहेरची कॅल्व्हरीची, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या वाटेची छोटी देवळं असलेली, टेकडी मात्र बेसॉल्टची आहे. तिच्यावर उभं राहिल्यावर पायाखालचा दगड ओळखीचा वाटतो.

इथल्या खाणकामाचा लेखी उल्लेख ११५६ सालचा आहे. लॅटिन कागदात या भागाला ‘खाणवाल्यांची भूमी’ म्हटलंय. तेराव्या शतकात गावाला शहराचे हक्क मिळाले, आणि खाणीचे हक्क कोणाला, कसे, किती अंतरापर्यंत, याचे स्वतःचे कायदे झाले. आसपासची अशी सात शहरं मिळून खाणीच्या शहरांचा एक गट होता. स्लोव्हाकियात अजून म्हण आहे: सोन्याची क्रेम्नित्सा, चांदीची श्त्याव्नित्सा, तांब्याची बिस्त्रित्सा. क्रेम्नित्साला १३२८पासून टाकसाळ आहे आणि ती आजही नाणी पाडते. श्त्याव्नित्साची चांदी तिकडे जायची. गावातल्या काम्मरहोफ या मोठ्या वाड्यात राजाच्या खाण खात्याची कचेरी होती. आज तिथे खाण संग्रहालय आहे.

सोळाव्या शतकात दोन संकटं पाठोपाठ आली. १५२५-२६ मध्ये या पट्ट्यातल्या खाणकामगारांनी मजुरीवरून उठाव केला. १५२६लाच मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा पडला आणि तुर्क दाराशी आले. गावकऱ्यांनी मग आपल्या जुन्या चर्चलाच तटबंदी घालून किल्ला केला, तो जुना किल्ला. नंतर १५६४ ते १५७१ दरम्यान टेकडीवर टेहळणीसाठी पांढरा चौकोनी नवा किल्ला बांधला. पर्यटक या दोन्हींचे भरपूर फोटो काढतात, तुम्हीही काढाल. मी इथे थांबत नाही.

आता पाणी.

खाण खोल गेली की पाणी येणारच. भेगांमधून चांदी आली, त्याच भेगांमधून पाणीही येतं. दोघांची वाट एकच. आमच्याकडे पावसाळ्यात एकदा रात्रपाळीला वीज गेली, जनरेटर सुरू व्हायला वेळ लागला, आणि तळातला संप, म्हणजे पाणी गोळा व्हायचा खड्डा, भरून पाणी चालण्याच्या वाटेवर आलं. जेमतेम तासाभराची गोष्ट. तरी त्या तासात कोणी कोणाशी बोलत नव्हतं, सगळ्यांचे कान फक्त पंपाच्या आवाजाकडे होते. आता विचार करा, वीज नाही, डिझेल नाही, आणि तुम्ही शेकडो मीटर खोल आहात. हे पाणी उपसायचं कशाने?

सुरुवातीला माणसांनी, मग घोड्यांनी. मोठ्या उभ्या लाकडी खांबाला आडवे दांडे, त्यांना घोडे जुंपलेले, ते गोल फिरतात, खांबावर दोर गुंडाळला जातो आणि दोराला बैलाच्या कातड्याची थैली बांधलेली. ती पाण्याने भरून वर येते. याला मराठीत शब्द शोधावा लागत नाही, ही मोटच आहे. फरक इतकाच की आपली मोट विहिरीच्या तळाशी जायची, ही डोंगराच्या पोटात जायची, आणि हिचं पाणी शेताला नाही, ओढ्याला सोडायचं.

या एका मोटेमागे किती धंदे उभे राहतात ते मोजा. कातडी कमावणारे, थैल्या शिवणारे. दोर वळणारे, कारण ओला दोर कुजतो आणि तुटला तर खाली माणूस असतो. घोड्यांना नाल मारणारे, चारा आणणारे, घोडे हाकणारे. लाकडाचा खांब आणि चाकं घडवणारे सुतार. लोहारांचं काम तर दुप्पट, कारण टिकाव आणि छिन्न्या रोज बोथट व्हायच्या आणि रोज धार लावून परत जायच्या. जुन्या धंद्यांची यादी करताना लोक कुंभार, विणकर, सोनार असं लिहितात. खाणीच्या गावात खरी यादी लोहार, सुतार, दोरवाला, चांभार आणि कोळसे पाडणारा इथून सुरू होते.

दुसरा उपाय होता निचऱ्याचा बोगदा. हा मुद्दा जरा समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. खाणीतलं पाणी जमिनीपर्यंत वर आणायची गरज नसते. डोंगराच्या पायथ्यापासून आडवा, किंचित चढता बोगदा खणून तो खाणीला मधेच गाठला, तर पाणी फक्त त्या बोगद्यापर्यंत उचलायचं. तिथून ते आपोआप वाहून जातं. त्या बोगद्याच्या वरचं पाणी तर उचलावंच लागत नाही. अशा बोगद्याला तिकडे वारशाचा बोगदा म्हणतात. जो तो खणेल त्याला, ज्या ज्या खाणींचा निचरा त्यातून होतो त्यांच्या उत्पन्नात वाटा मिळायचा, आणि हा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालायचा. गावाच्या बरोबर खाली ग्लांझेनबेर्ग नावाचा असा जुना बोगदा आहे. १७६४मध्ये राजपुत्र जोसेफ आणि लिओपोल्ड त्यात उतरले होते. दोघेही पुढे सम्राट झाले. आज तो पर्यटकांना दाखवतात.

पण बोगदा खणायचा म्हणजे कठीण खडक फोडायचा. आधी खडकाशी लाकडं रचून आग लावायची, खडक तापून तडकला की छिन्नी-हातोड्याने सोलायचा. दिवसाकाठी चार बोटं पुढे सरकले तरी पुष्कळ. ८ फेब्रुवारी १६२७ रोजी कास्पार वाइंडल नावाच्या टिरोलच्या खाणकामगाराने इथल्या वरच्या बीबर बोगद्यात भोक पाडून बंदुकीची दारू ठासली आणि उडवली. जमिनीखाली खडक फोडायला दारू वापरल्याचा हा पहिला नीट नोंदलेला प्रयोग मानतात. त्याआधीचे दावे इतर ठिकाणांहूनही होतात, त्यामुळे ‘जगात पहिला’ या पाटीवर मी भांडणार नाही. पण सरकारी अधिकाऱ्यांसमोर, तारखेनिशी हे झालं ते इथे. आपल्याकडे विहिरीला सुरुंग लावणारे लोक पहारेने भोक पाडून, दारू ठासून, वात पेटवून पळायचे. वाइंडलने केलं ते याहून फार वेगळं नव्हतं.

सुरुंगामुळे खाणी झपाट्याने खोल गेल्या. आणि खोल गेल्या म्हणून पाणी आणखी वाढलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला परिस्थिती अशी आली की विंडशाख्त या भागातल्या, म्हणजे आजच्या श्त्याव्नित्स्के बाने गावातल्या, मोठ्या खाणी सोडून द्याव्यात असा विचार सुरू झाला. घोड्यांचा खर्च चांदीच्या उत्पन्नाला गिळत होता.

तिथून जे झालं ते माझ्या मते या गावाचं सगळ्यात मोठं कर्तृत्व आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन नवीन होतं. १७२२मध्ये आयझॅक पॉटर नावाच्या इंग्रजाने शेजारच्या नोवा बान्या गावी असं इंजिन बसवलं. युरोपच्या मुख्य भूमीवरचं ते पहिलं. पण ते इंजिन लाकूड अक्षरशः खायचं. इंग्लंडमध्ये खाणीच्या तोंडाशी दगडी कोळसा होता, इथे फक्त जंगल होतं. आणि जंगल आधीच खाणीला टेकू, धातू वितळवायला लोणारी कोळसा, खडक तापवायला सरपण, असं तिन्ही बाजूंनी तुटत होतं. म्हणून इथल्या लोकांनी उलटा विचार केला. खालचं पाणी काढायला वरचं पाणी वापरायचं.

यात अडचण एवढीच की वर पाणी नाही. गाव पाणलोटाच्या माथ्याजवळ आहे, मोठी नदी नाही. जे पडेल ते पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं. मग त्यांनी डोंगरमाथ्यांवर तळी बांधली. तिकडे त्यांना ‘ताइख’ म्हणतात. तळ्यासाठीच्या जर्मन शब्दाचं स्लोव्हाक रूप. मातेय कोर्नेल हेल हा यंत्रांचा मुख्य कारागीर, त्याचा मुलगा योझेफ कारोल हेल, आणि नकाशाकार-अभियंता सामुएल मिकोविनी, ही तीन नावं यात मुख्य. सगळी मिळून साठेक तळी झाली. त्यांची एकूण साठवण ७० लाख घनमीटरच्या आसपास सांगतात, म्हणजे आपल्या भाषेत पाव टीएमसी. खडकवासल्याच्या जेमतेम आठव्या भागाएवढं. आकडा लहान वाटेल. पण हे पाणी नदी अडवून मिळालेलं नाही, डोंगराच्या अंगावरून थेंब थेंब गोळा केलेलं आहे.

गोळा कसं केलं? डोंगराच्या उतारावर समपातळीने मैलोन्‌मैल चर खणले, म्हणजे उतारावरून येणारं पाणी चरात पडेल आणि अगदी हलक्या ढाळाने तळ्यात जाईल. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात ‘सलग समतल चर’ खणतात ना, तेच. फक्त आपण पाणी मुरवायला खणतो, त्यांनी पळवायला खणले. एका खोऱ्याचं पाणी गरज पडली तर डोंगराखालून बोगदा काढून दुसऱ्या खोऱ्यात नेलं. तळ्यांतून पुढे पाट काढून ते पाणी एका चाकावर, तिथून खालच्या चाकावर, तिथून खनिज कुटायच्या मुसळांवर, मग धुण्याच्या हौदांवर असं उतरत जायचं. औरंगाबादची पाणचक्की पाहिली असेल तर नहरीच्या पाण्याने चाक फिरवायची कल्पना नवी वाटणार नाही. इथे तीच कल्पना सबंध डोंगररांगेवर पसरली आहे. रोझग्रुंड नावाच्या तळ्याचा बांध मातीचा आहे, १७४०च्या दशकातला, सुमारे तीस मीटर उंच आणि चांगलाच उभा. मी त्या बांधावर उभं राहून बराच वेळ त्याचा उतार बघत होतो. आज कोणी मातीचा बांध एवढा उभा घालायला परवानगी मागितली, तर फाइल परत येईल.

चाकांच्या पुढची उडी योझेफ कारोल हेलची. त्याने १७४९मध्ये पाण्याच्या स्तंभावर चालणारं यंत्र बसवलं. तत्त्व सोपं आहे. पाण्याचा नळ उंचावरून खाली आणला तर दर दहा मीटरला साधारण एक वायुमंडल दाब वाढतो. शंभर मीटर उंचीचा नळ म्हणजे दहापट दाब. त्या दाबाने सिलिंडरातला दट्ट्या हलतो, दट्ट्याला पंपांचे दांडे जोडलेले. वाफेच्या इंजिनासारखंच, फक्त वाफेच्या जागी पाणी आणि सरपणाचा खर्च शून्य. वापरून झालेलं पाणी आणि खालून उपसलेलं पाणी, दोन्ही निचऱ्याच्या बोगद्यातून बाहेर. आता बोगद्याचा मुद्दा आधी का सांगितला ते कळलं असेल.

त्याचं आणखी एक यंत्र १७५३चं, हवेवर चालणारं. पडत्या पाण्याने वर बंद भांड्यात हवा दाबायची, ती नळीने खाली न्यायची आणि तिच्या दाबाने खालचं पाणी वर ढकलायचं. काम झालं की दाबलेली हवा जोरात सुटायची आणि तिच्यातल्या दमटपणाचा बर्फ व्हायचा. पाहुण्यांना ही गंमत मुद्दाम दाखवत: तोटीसमोर टोपी धरा, टोपीवर बर्फ! दाबातून मोकळी होणारी हवा थंड होते, हे आज फ्रीजमुळे आपल्याला माहीत आहे. पुढे १७८८मध्ये इरॅस्मस डार्विनने, म्हणजे उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनच्या आजोबांनी, हवा पसरताना थंड का होते हे मांडताना याच खाणीतल्या यंत्राचा दाखला दिला. खाणीच्या तळाशी पाणी उपसणाऱ्या माणसांच्या टोप्यांवरचा बर्फ ढगांच्या शास्त्रात जाऊन पोचला, हे मला फार आवडतं. हेलचा धाकटा भाऊ मॅक्सिमिलियन हाही नाव काढून गेला. तो खगोलशास्त्रज्ञ, १७६९चं शुक्राचं अधिक्रमण त्याने नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला जाऊन पाहिलं.

अशी यंत्रं चालवायला शिकलेली माणसं लागतात. म्हणून १७३५मध्ये इथे खाणकामाची शाळा निघाली, मिकोविनी तिथे शिकवायचा. १७६२मध्ये मारिया तेरेसा राणीच्या हुकमाने तिचं उच्च शिक्षणात रूपांतर सुरू झालं आणि पुढे ती खाण अकादमी झाली. रसायनाचा पहिला प्राध्यापक निकोलाउस जाकाँ. या अकादमीची ख्याती एका साध्या गोष्टीमुळे झाली: विद्यार्थी स्वतः प्रयोगशाळेत हात काळे करत. तेव्हा बहुतेक ठिकाणी प्राध्यापक प्रयोग करून दाखवी आणि मुलं बघत. १७९४मध्ये पॅरिसला नवं तंत्रविद्यालय काढायचं ठरलं तेव्हा शेमनिट्सच्या पद्धतीचा दाखला दिला गेला. डॉप्लर परिणामवाला ख्रिस्तियान डॉप्लर १८४७पासून दोनेक वर्षं इथे शिकवत होता. आणि १७८६मध्ये जवळच्या स्क्लेने तेप्लित्से गावी इग्नाझ फॉन बोर्नने पाऱ्याने चांदी वेगळी करायची सुधारलेली पद्धत देशोदेशींच्या जाणकारांना दाखवली, कारण तिला सरपण कमी लागत होतं. पुन्हा तोच लाकडाचा प्रश्न. त्या जमावातून खाणशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली; कवी गटे आणि जेम्स वॉट तिच्या सभासदांत होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथेच वनविद्येची शाळाही निघाली. खाणवाल्यांनी जंगल वाचवायची शाळा काढली, कारण जंगल संपलं तर खाण संपणार होती.

गावाची लोकसंख्या १७८०च्या दशकात शेजारच्या बान्स्का बेलासह तेवीस हजारांच्या घरात होती, हंगेरीच्या राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर. आज दहा हजारांच्या आसपास.

आता तुम्ही विचारलेले ‘धंदे’, जे दुकानांत आणि संग्रहालयात दिसतील. मातीच्या चिलमी हा इथला नावाजलेला माल. पाश्चात्त्य एकसंध पाइप नव्हे. फक्त मातीची वाटी, तिला लाकडी दांडी वेगळी जोडायची. ही पद्धत तुर्कांकडून आली. साच्यात दाबून, घोटून, भाजून केलेल्या त्या तपकिरी-काळसर चिलमी दूरवर विकल्या जायच्या. संग्रहालयात बघा, घोटण्याची चकाकी अजून गेलेली नाही. खाणकामगारांच्या बायका सूत गुंडाळलेल्या छोट्या लाकडी काठ्यांनी लेस विणायच्या, विशेषतः शेजारच्या होद्रुशा गावात. ही हौस नव्हती, नवऱ्याच्या मजुरीत भागत नव्हतं म्हणून. आज ती लेस ‘पारंपरिक कला’ म्हणून काचेत आहे. लाकडात कोरलेले ख्रिस्तजन्माचे देखावेही दिसतील. त्यात गोठ्याच्या शेजारी बोगद्याचं तोंड आणि खनिजाची गाडी ओढणारे कामगार असतात. जवळच्या पुकानेत्सला खाणी आटल्या तेव्हा लोक मातीच्या भांड्यांकडे वळले, तिथली भांडी चांगली. श्त्याव्नित्सात पुढे तंबाखूचा कारखाना आला, मग कपडे विणायचा. त्यात मला फारसा रस नाही.

मला जास्त आवडलेली वस्तू म्हणजे कामगाराचं ‘मागचं कातडं’. कमरेला बांधून पाठीमागे सोडलेला अर्धगोल चामड्याचा तुकडा. ओल्या दगडावर बसायला आणि उतरत्या वाटेवरून घसरत खाली जायला. जर्मनमध्ये त्याचं नाव जरा अश्लील आहे, स्लोव्हाकांनी ते बिनदिक्कत उचललं. अकादमीत नव्या विद्यार्थ्याला या कातड्यावरून उडी मारावी लागायची. मारली की तो खाणवाल्यांच्या जातीत आला. आमच्याकडे नव्या इंजिनीयरला पहिल्या दिवशी शिडीच्या वाटेने तळापर्यंत उतरवत, केजने, म्हणजे खाणीच्या लिफ्टने, नाही. प्रत्येक खाणीत हे काहीतरी असतंच. तिकडे एकमेकांना ‘झ्दार बोह’ म्हणतात, देव यश देवो. खाणीत छोटी भुतं असतात, ‘पेर्मोनीक’, ती धोका असला की खडकावर टकटक करतात अशी समजूत. टेकू दबायला लागला की लाकूड खरंच आवाज करतं, हे खाणीत काम केलेला कोणीही सांगेल. मी त्या भुतांना हसलो नाही.

उतरती कळा एका दिवसात आली नाही. तिथल्या शेवटच्या मोठ्या कामाकडे बघा. सगळ्या खाणींच्या खाली जाणारा एकच लांब निचऱ्याचा बोगदा, जोसेफ दुसऱ्याच्या नावाचा, १७८२मध्ये सुरू केला. ह्रोन नदीपर्यंत साडेसोळा किलोमीटर. पुरा झाला १८७८मध्ये. शहाण्णव वर्षं! सुरू करणाऱ्यांच्या पणतवंडांनी संपवला. आणि तोवर चांदीचा भाव आणि दिवस दोन्ही फिरले होते. पहिल्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकिया झाला, अकादमी १९१९मध्ये हंगेरीतल्या शोप्रोनला हलली, आणि गावाचा आत्मा तिच्याबरोबर गेला असं तिथले म्हातारे सांगतात. खाणकाम रडतखडत विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चाललं. १९९३मध्ये युनेस्कोने गाव आणि भोवतालची तळी, बोगदे, यंत्रांच्या जागा मिळून जागतिक वारसा जाहीर केला.

तर बघायला काय उरलंय? तीन दिवस असतील तर पहिला दिवस जमिनीखाली घालवा. गावाबाहेर खाणीचं उघडं संग्रहालय आहे, तिथे कोट, हेल्मेट, दिवा देऊन दीडेक किलोमीटर जुन्या बोगद्यांतून फिरवतात. आत वर्षभर गार असतं, स्वेटर न्या, आणि गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा, काही जागी वाकून जावं लागतं. लाकडी टेकूंची बांधणी नीट बघा. तिथे सुताराचा हात कळतो. दुपारी क्लोपाच्का. १६८१ची इमारत, तिच्यात लाकडी फळीवर हातोडे पडायचे आणि त्या आवाजाने कामगारांना पहाटे पाळीला उठवायचे. घंटेऐवजी लाकूड का, असं मी विचारलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, घंटा देवासाठी असते. काम्मरहोफमध्ये यंत्रांची प्रारूपं आहेत, हेलचं यंत्र तिथे समजून घ्या.

दुसरा दिवस तळ्यांचा. रोझग्रुंड आणि पोचूवाद्लो तरी कराच. बांधावरून खाली उतरून पाट शोधा. गवतात दडलेले चर अजून दिसतात. गाइड चांदीच्या गोष्टी सांगेल, तुम्ही ढाळ बघा.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर ‘सलामांडर’ची मिरवणूक मिळू शकेल, तारीख आधी बघून ठेवा. एका मेंढपाळाला दगडाखाली दोन पाली दिसल्या, एकीच्या अंगावर सोन्याची आणि दुसरीच्या चांदीची धूळ, आणि तिथे खाण सापडली अशी दंतकथा. मिरवणुकीच्या पुढे तो मेंढपाळ काठीवर पाल घेऊन चालतो, मागे गणवेशातले खाणवाले आणि सोंगं. ही मिरवणूक अकादमीच्या विद्यार्थ्यांच्या मशालींच्या मिरवणुकांतून आली आहे आणि नागमोडी चालते. गर्दी असते, राहायची सोय आधी करा.

आणि परतताना गाडी वोझ्नित्सावरून न्या. तिथे जोसेफच्या बोगद्याचं तोंड आहे, दगडी, साधं. वरच्या खाणी बंद पडून वर्षं झाली, पण बोगद्यातून पाणी अजून वाहतं, कारण डोंगराला कोणी बंद करायला सांगितलेलं नाही. पोहायची हौस असेल तर पोचूवाद्लोला लोक उन्हाळाभर पोहतात. सप्टेंबरात मी पाय घालून बघितला आणि लगेच काढला.